फैजपूरचे टिळकनगर आणि जात्याची टाकी

फैजपूर म्हटले की १९३६ सालचे काँग्रेसचे ५० वे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, सहा बैलजोड्यांचा रथ, शेतकऱ्यांसाठी मंजूर झालेला कार्यक्रम, एवढे इतिहासाच्या पुस्तकात असतेच. अधिवेशनाला जोडून जे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते, त्याच्या वाट्याला मात्र फार तर एखादे वाक्य येते. गावातल्या जुन्या हत्यारांचे एक लहानसे प्रदर्शन मांडायचे काम यंदा माझ्याकडे आले, आणि ते वाक्य मला फारच तोकडे वाटू लागले.

या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी २५ डिसेंबरला, म्हणजे अधिवेशनाच्या दोन दिवस आधी केले. त्यामागे दोन वर्षांची तयारी होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा घाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्या मागे लागले होते. प्रदर्शन हा तमाशा नव्हे, ती शाळा असावी, हा गांधीजींचा आग्रह. नगर उभारण्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, स्थापत्य हे आपले क्षेत्र नव्हे, असे नंदलालांचे म्हणणे. गांधीजींनी ते मानले नाही, हे बरे झाले! बांबू, तट्टे, गवत, दोर असे आसपास मिळेल ते सामान आणि आसपासचे कारागीर यांच्यावर टिळकनगर उभे राहिले. ज्या टोपलीकडे आपण रोज ढुंकूनही पाहत नाही ती तिथे शोभेला बसली.

शोभेचे सांगणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या प्रदर्शनाला येणारा खेडूत ती हत्यारे ओळखत होता. पिंजण समोर आले की त्याचा कान आपोआप तिकडे वळत असणार. आज आम्ही पिंजण मांडतो तेव्हा पाहणाऱ्याला आधी त्याचे नाव सांगावे लागते.

आमच्या पिंजणाची तात तुटलेली होती. नवी लावून घेण्यासाठी एका वृद्ध पिंजाऱ्यांना बोलावले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तात ओढली, गोट्याने एक ठोका दिला, मान हलवली, आणखी थोडी ताणली, पुन्हा ठोका. चार-पाच वेळा असे झाल्यावर म्हणाले, “आता बोलली.” मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते. मग त्यांनी मूठभर कापूस तातेखाली धरला. सर्द कापसावर ठोका भदभदतो, सुक्यावर खणखणतो. रुई मोकळी झाली की आवाज हलका होत जातो आणि तिथेच हात थांबवायचा. पेळू चांगला होणार की नाही हे त्यांना सूत काढण्याआधीच कळत होते. ६४० तारांची एक गुंडी, तार ४ फुटांची. एवढ्या सुताचे भवितव्य त्या कानावर अवलंबून.

जात्याचेही तसेच. शेजारच्या आजींनी आमच्या जात्याला हात लावला, दोन फेरे फिरवले आणि विचारले, “भाऊ, टाकी कधी लावलीय याला?” टाकी बोथटली की जाते घरंगळल्यासारखे वाजते, पीठ ऊन लागते, आणि बोटांत चोळले की कणी जाणवते. वैरण जास्त पडली तर खुंट्याला धरलेला हात आधी सांगतो. हे सगळे त्यांनी सांगितले नाही, करून दाखवले; मी आपला वहीत लिहून घेत होतो आणि लिहिताना ते निसटत होते.

मला जात्याचे दिवस परत यावेत असे मुळीच वाटत नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बायांच्या हातांचे घट्टे ज्याने पाहिले आहेत तो असे म्हणणार नाही. गिरणी आली हे भाग्यच. तथापि गिरणीत डबा ठेवून आल्यावर पीठ चोळून पाहणारे बोटही घरातून गेले, आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. कष्ट संपले त्याचा आनंद एवढा मोठा होता की त्यांच्याबरोबर काय गेले ते मोजायला सवडच नव्हती. १९३६ च्या मंडळींनी हत्यारे सुधारण्यावर फार विचार केला. हत्यार धरणाऱ्याचा कान आणि बोटे ही मात्र सदैव असणारच, असे त्यांनी गृहीत धरले असावे. त्यांना दोष कसा देणार? तेव्हा ती होतीच.

टिळकनगर अधिवेशनापुरतेच होते. बांबू आणि तट्टे किती दिवस टिकणार? नंदलालांनी पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी कामकरी माणसांची चित्रे रंगवली, ती आज जपून ठेवलेली आहेत. चित्र जपता येते.

आमच्या प्रदर्शनात काचेची कपाटे ठेवायची असे आधी ठरले होते. आता जाते जमिनीवरच राहील, शेजारी सुपात ज्वारी. आजी दुपारी दोन तास बसायला तयार आहेत. मात्र त्यांची एक अट आहे : आधी टाकीवाला आणा. तो शोधतो आहे. फैजपुरात मिळाला नाही. सावद्याला एक आहे म्हणतात.