व्हेरियन्स (भूवापर नियोजन)

व्हेरियन्स म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्थानिक भूवापर कायद्यानुसार एखाद्या विशिष्ट भूखंडाला क्षेत्र-विभागणीच्या, अर्थात झोनिंगच्या, नियमांतून देण्यात येणारी अपवादात्मक सूट होय. सर्वसाधारण नियमाची अक्षरशः अंमलबजावणी केल्यास एखाद्या भूखंडाच्या मालकावर अकारण अडचण ओढवत असेल, तर मूळ नियम न बदलता त्या एका भूखंडापुरता तो शिथिल करण्याचा अधिकार स्थानिक मंडळाला असतो. काही राज्यांत या मंडळास बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट, तर काही ठिकाणी झोनिंग बोर्ड ऑफ अपील्स असे म्हणतात. न्यूयॉर्क शहरातील मंडळाचे नाव बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्स असे आहे.

सूट व्यक्तीला नव्हे, तर भूखंडाला दिली जाते, हे या तरतुदीचे मूलभूत तत्त्व आहे. त्यामुळे मालमत्ता विकली गेली तरी सूट सामान्यतः कायम राहते. याच तत्त्वामुळे अर्जदाराची वैयक्तिक निकड, मग ती कितीही खरी असो, सूट मिळण्यास सहसा पुरेशी ठरत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पहिली सर्वंकष क्षेत्र-विभागणी नियमावली न्यूयॉर्क शहराने २५ जुलै १९१६ रोजी संमत केली. मॅनहॅटनमध्ये उंच इमारतींमुळे रस्त्यांवरील व शेजारच्या घरांतील उजेड आणि हवा अडत होती. १९१५ मध्ये पूर्ण झालेली इक्विटेबल बिल्डिंग ही प्रचंड इमारत त्या काळी या तक्रारीचे ठळक उदाहरण बनली होती. नियमावली घडवण्यात एडवर्ड बॅसेट या विधिज्ञाचा मोठा वाटा होता. हजारो भूखंडांना एकच मोजपट्टी लावली, तर काही भूखंडांवर अन्याय होईल आणि ते मालक न्यायालयात गेले, तर संपूर्ण नियमावलीच घटनाबाह्य ठरण्याचा धोका निर्माण होईल, याची जाणीव तिच्या पुरस्कर्त्यांना होती. म्हणून अपील मंडळाची योजना आरंभापासूनच करण्यात आली. बाष्पपात्रातील वाफेचा दाब वाढू नये म्हणून सुरक्षा झडप असते. व्हेरियन्सचे वर्णन तशीच झडप म्हणून वारंवार केले जाते.

१९२० च्या दशकात हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. तो स्टँडर्ड स्टेट झोनिंग एनेब्लिंग अ‍ॅक्ट या नावाने ओळखला जातो. त्याच्या सातव्या कलमात पाच सदस्यांच्या मंडळाची तरतूद होती. नियमाच्या अक्षरशः अंमलबजावणीमुळे विशेष परिस्थितीत अनावश्यक अडचण होत असल्यास, सार्वजनिक हिताला बाध न आणता आणि नियमावलीचा आशय राखून सूट द्यावी, असा त्या कलमाचा भावार्थ आहे. बहुतेक राज्यांनी हा नमुना कमीअधिक फरकाने स्वीकारला. १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्षेत्र-विभागणी घटनात्मक ठरवली आणि या संपूर्ण व्यवस्थेला भक्कम आधार मिळाला.

प्रकार

व्हेरियन्सचे दोन मुख्य प्रकार मानले जातात.

क्षेत्रविषयक सूट : यात वापर नियमानुसारच असतो, केवळ मोजमाप शिथिल केले जाते. सामासिक अंतर, इमारतीची उंची, भूखंडाचे किमान क्षेत्रफळ, बांधकामाने व्यापायचे क्षेत्र, कुंपणाची उंची, वाहनतळाची संख्या अशा बाबी यात येतात. समजा, नियमानुसार घर रस्त्यापासून २५ फूट मागे हवे. परंतु भूखंड त्रिकोणी असून त्याच्या मागील बाजूने ओढा वाहतो. अशा वेळी २५ फूट सोडल्यास घर बांधण्याजोगी जागाच उरत नाही. क्षेत्रविषयक सुटीचे हे नमुनेदार उदाहरण होय.

वापरविषयक सूट : यात त्या विभागात निषिद्ध असलेल्या वापरालाच परवानगी दिली जाते, उदाहरणार्थ, निवासी विभागात दुकान किंवा कार्यालय. परिसराच्या स्वरूपावर तिचा परिणाम अधिक होत असल्याने तिचे निकष कडक असतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशी सूट देण्यास मनाई केली आहे.

व्हेरियन्स आणि विशेष परवाना यांत गल्लत होऊ नये. विशेष परवान्यात संबंधित वापर नियमावलीने तत्त्वतः मान्य केलेला असतो आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या आहेत एवढेच तपासले जाते. व्हेरियन्समध्ये मात्र नियम जे नाकारतो त्यालाच अनुमती मागितलेली असते. नियमच बदलायचा असेल, तर ते काम मंडळाचे नसून निर्वाचित विधिमंडळाचे, म्हणजे नगर परिषदेचे किंवा तत्सम सभागृहाचे असते.

निकष

वापरविषयक सुटीचे निकष न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९३९ मध्ये ऑटो विरुद्ध स्टाइनहिल्बर या खटल्यात स्पष्ट केले. नियमानुसार वापर केल्यास जमिनीतून वाजवी उत्पन्न मिळू शकत नाही. ही अडचण त्या भूखंडाच्या आगळ्या परिस्थितीतून आली असून ती साऱ्या परिसराची सामाईक अडचण नाही. आणि सुटीमुळे परिसराचे मूळ स्वरूप बदलणार नाही, अशा तीन गोष्टी अर्जदाराने सिद्ध कराव्या लागतात. दुसऱ्या कसोटीमागील तर्क महत्त्वाचा आहे. अडचण सर्वांचीच असेल, तर दोष नियमात आहे आणि तो दुरुस्त करण्याचे काम कायदा करणाऱ्यांचे आहे. एकेका मालकाला सूट देत नियम पोखरण्याचे नव्हे.

न्यूयॉर्कच्या सध्याच्या कायद्यात यांना चौथी कसोटी जोडलेली आहे : अडचण अर्जदाराने स्वतः ओढवून घेतलेली नसावी. निर्बंध ठाऊक असताना जमीन विकत घेऊन नंतर त्याच निर्बंधाची तक्रार करणाऱ्यास वापरविषयक सूट मिळत नाही. उत्पन्नाचा मुद्दाही आकडेवारीने सिद्ध करावा लागतो. अधिक नफा मिळाला असता, एवढे म्हणणे अडचण ठरत नाही.

क्षेत्रविषयक सुटीसाठी त्याच राज्यात तौलनिक कसोटी लावली जाते. अर्जदाराचा लाभ आणि परिसराची हानी यांची तुलना करताना मंडळ पाच बाबी पाहते : परिसरावर अनिष्ट परिणाम होईल काय, अन्य मार्ग उपलब्ध आहे काय, मागितलेली सूट मोठी आहे काय, पर्यावरणावर परिणाम होईल काय आणि अडचण स्वनिर्मित आहे काय. येथे स्वनिर्मित अडचण हा विचारात घेण्याचा मुद्दा असतो. केवळ त्यावरून अर्ज फेटाळला जात नाही. सूट द्यायची झाल्यास ती आवश्यक तेवढीच, म्हणजे किमान असावी, हेही बंधन आहे.

मंडळ व सुनावणी

मंडळाचे सदस्य बहुधा स्थानिक नागरिक असतात. त्यांची नेमणूक महापौर किंवा स्थानिक सभागृह करते आणि त्यांना कायद्याचे शिक्षण असणे सहसा आवश्यक नसते. तरीही त्यांचे काम अर्धन्यायिक स्वरूपाचे असते. समोर आलेल्या पुराव्यावरच निर्णय देणे, हितसंबंध असल्यास बाजूला होणे आणि सुनावणीबाहेर पक्षकारांशी प्रकरणाची चर्चा न करणे ही पथ्ये त्यांना पाळावी लागतात.

प्रक्रिया साधारणतः पुढीलप्रमाणे चालते. बांधकाम परवाना नाकारला गेल्यावर मालक मंडळाकडे नकाशासह अर्ज करतो. वृत्तपत्रात जाहीर सूचना प्रसिद्ध होते आणि लगतच्या मालकांना पत्राने कळवले जाते. खुल्या सुनावणीत अर्जदार आपली बाजू मांडतो. शेजारी पाठिंबा किंवा हरकत नोंदवतात. त्यानंतर मंडळ उघडपणे चर्चा करून मतदान करते. झाडांची रांग लावणे, खिडकीची दिशा बदलणे, सांडपाण्याची व्यवस्था करणे अशा अटी घालूनही सूट देता येते. ठरलेल्या मुदतीत काम सुरू न झाल्यास ती अनेक ठिकाणी रद्द होते.

केवळ साधे बहुमत सर्वत्र पुरत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच सदस्यांच्या मंडळात चार मते लागतात. न्यू जर्सीत वापरविषयक सुटीसाठी पाच अनुकूल मतांची आवश्यकता असते.

शेजाऱ्यांची हरकत हा पुरावा असतो, मतदान नव्हे. सभागृह विरोधकांनी भरले म्हणून कायदेशीर निकष पूर्ण करणारा अर्ज नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे कोणीच हरकत घेतली नाही म्हणून निकष पूर्ण न करणारा अर्ज मंजूरही करता येत नाही.

न्यायालयीन पुनर्विलोकन

मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अर्जदार किंवा बाधित शेजारी न्यायालयात जाऊ शकतो. मुदत अल्प असते : न्यूयॉर्क राज्यात ३० दिवस, तर मॅसॅच्युसेट्समध्ये २० दिवस. बहुतेक राज्यांत न्यायालय प्रकरण नव्याने चालवत नाही. निर्णयाला पुरेशा पुराव्याचा आधार होता काय आणि कायद्याचा निकष योग्य रीतीने लावला गेला काय, एवढेच पाहते.

या संदर्भात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा टोपँगा खटल्यातील निकाल विशेष उल्लेखनीय आहे. लॉस एंजेलस काउंटीतील टोपँगा कॅन्यन परिसरात फिरत्या घरांच्या वसाहतीसाठी दिलेली सूट रहिवाशांच्या संघटनेने आव्हानित केली होती. पुरावा आणि अंतिम निर्णय यांना जोडणारी कारणमीमांसा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सांगून न्यायालयाने ती सूट रद्द ठरवली. प्रस्तावित योजना चांगली आहे, हे दाखवणे पुरेसे नव्हते. तो भूखंड आसपासच्या भूखंडांहून वेगळा कसा, हे दाखवणे आवश्यक होते.

राज्याराज्यांतील बदल

निकष किती कडक असावा, याबाबत न्यायालये व विधिमंडळे यांच्या भूमिका बदलत आल्या आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पिट्सबर्गमधील बेघर महिलांच्या निवाऱ्यासंबंधीच्या खटल्यात मोजमापविषयक सुटीसाठी सौम्य निकष स्वीकारला. न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनावश्यक अडचणीची व्याख्या शिथिल केली.

मिनेसोटातील घडामोड सर्वाधिक बोलकी आहे. मिनेटोंका येथील एका घरमालकाला आपल्या गॅरेजवर मजला चढवण्यासाठी सूट मिळाली. शेजाऱ्याने तिला आव्हान दिले. मालकाची मागणी वाजवी आहे एवढ्यावर सूट देण्याची प्रथा तेथे सुमारे दोन दशके रूढ होती. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे शब्द तपासून सांगितले, की सुटीवाचून मालमत्तेचा वाजवी वापरच अशक्य असेल तरच ती देता येते. या व्याख्येनुसार किरकोळ अर्जही मंजूर होणे दुरापास्त झाले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून ‘व्यावहारिक अडचणी’ हा निकष आणला.

टीका व मर्यादा

मंडळे निकषांकडे दुर्लक्ष करून सढळ हाताने सूट देतात, हा जुना आक्षेप आहे. केंटकीतील लेक्सिंग्टनच्या मंडळावर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेसी ड्यूकमिनियर व क्लाइड स्टेपलटन यांच्या अभ्यासाने तेथील मनमानी कारभारावर कठोर टीका केली. भूवापर कायद्याच्या चर्चेत तो आजही उद्धृत होतो. छोट्या गावात अर्जदार मंडळाच्या ओळखीचा असतो आणि त्याला तोंडावर नकार देणे अवघड जाते. त्याची किंमत मात्र नियमावर विसंबून घर घेतलेल्या शेजाऱ्याला मोजावी लागते. उलट बाजूने असेही म्हटले जाते, की निकष काटेकोर लावले तर सामान्य कुटुंबाची लहानशी गरज अडते आणि वकील व तज्ज्ञ नेमू शकणारा विकासकच तेवढा टिकून राहतो.

अडचण जमिनीची, माणसाची नव्हे, या तत्त्वाचा काच अपंग व्यक्तींच्या बाबतीत विशेष जाणवतो. चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढे उतरण हवी असेल आणि ती सामासिक अंतरात येत असेल, तर भूखंडात आगळे काहीच नसल्याने पारंपरिक निकषावर सूट मिळणे कठीण असते. १९८८ मध्ये सुधारित झालेल्या संघीय फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने स्थानिक संस्थांवर अशा व्यक्तींसाठी नियमांत वाजवी समायोजन करण्याचे बंधन घातले आणि ही उणीव काही अंशी भरून काढली. अनेक शहरांनी त्यासाठी व्हेरियन्सहून वेगळी, सोपी पद्धत ठरवली आहे.

महाराष्ट्रातील तुलनीय तरतूद

महाराष्ट्रात नागरिकांचे असे मंडळ नाही. परंतु अडचणीच्या प्रसंगी नियम शिथिल करण्याची कल्पना येथेही आहे. बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावली, १९९१ मधील विनियम ६४ (ब) नुसार स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण असल्यास महापालिका आयुक्त विशेष परवानगीने विहित मोजमापे शिथिल करू शकत. मात्र त्यामुळे रहिवासी व परिसर यांचे आरोग्य, अग्निसुरक्षा, संरचनात्मक सुरक्षितता आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाध येता कामा नये, अशी अट होती. दोन्ही पद्धतींतील मुख्य भेद निर्णय घेणाऱ्याचा आहे. अमेरिकेत हा निर्णय शेजाऱ्यांना सूचना देऊन खुल्या सुनावणीत नागरिकांचे मंडळ घेते. येथे तो प्रशासकीय अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ नुसार विकास परवानगी नाकारली गेलेला अर्जदार राज्य शासनाकडे अपील करू शकतो.