पाटण्याचा मठ आणि धुळ्याचें दप्तर

चाळीसगांवाहून डोंगराकडे निघालें म्हणजे सातमाळ्याच्या कुशींत पाटणें म्हणून एक लहानसें गांव लागतें. आज लोक तेथें जातात ते पाटणादेवीच्या दर्शनास, अथवा गौताळ्याचें अरण्य पाहण्यास. परंतु सन १२०७ मध्यें ह्या गांवीं जी एक गोष्ट घडली, तिची आठवण विद्येचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकानें ठेवावी असें आम्हांस वाटतें. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. (ज्ञानेश्वरांस भेटलेला योगी चांगदेव तो हा नव्हे.) त्यानें पाटणास एक मठ स्थापिला. मठ म्हटलें म्हणजे जपतप व अन्नछत्र आपल्या डोळ्यांपुढें येतें; ह्या मठाचा उद्देश निराळा होता. आपल्या आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ व त्यांचे इतर ग्रंथ तेथें नित्य शिकविले जावे, एवढ्याचसाठीं तो होता.

सिद्धांतशिरोमणि लिहून झाला तो ११५० मध्यें. म्हणजे ग्रंथ होऊन पन्नासांवर वर्षें लोटल्यावर नातवास वाटलें, कीं हा ग्रंथ नुसता असून भागत नाहीं. तो चालता राहील अशी कांहीं तरतूद पाहिजे. विद्या शोधणारा एक असतो आणि ती लोकांत टिकविणारा बहुधा दुसराच असतो. ह्या दुसऱ्याचें नांव इतिहासांत क्वचितच राहतें. चांगदेवाचें राहिलें, याचें कारण त्यानें तें दगडावर कोरवून ठेवलें. आणि तो दगड डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें विद्वानांपुढें आणला.

ह्या शिलालेखांतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. लेख दोन भाषांत आहे. राजांची वंशावळ, भास्कराचार्यांचें कुळ आणि मठाची स्थापना हा सर्व भाग संस्कृत श्लोकांत आहे. मठाचा खर्च कशांतून चालावा हें सांगणारा शेवटचा भाग मात्र त्या काळच्या मराठींत आहे. निकुंभ वंशांतील सोइदेवानें मठास उत्पन्नें लावून दिलीं होतीं. पाटणच्या पेठेंत जें केणें विकलें जाई त्यावरील राजाचा हक्क मठाकडे वळविला होता. गांवांत जितके घाणे चालत, तितक्यांकडून पळीपळी तेल यावयाचें होतें. हें मराठींत लिहिण्याचें कारण उघड आहे. ज्याला द्यावयाचें त्याला तें समजलें पाहिजे.

थोडक्यांत, तेल्यास कर त्याच्या भाषेंत समजला, आणि त्या करावर जी विद्या पोसली गेली ती मात्र त्याला परक्या भाषेंत राहिली. ह्यांत चांगदेवाचा दोष काढावा असा आमचा हेतु नाहीं. त्या काळीं शास्त्राची भाषा संस्कृत होती, आणि त्यामुळेंच दूरदूरच्या देशींच्या पंडितांस भास्कराचार्य वाचतां आले. सर्व देशाच्या विद्वानांची एक भाषा असण्याचा हा लाभ लहान नाहीं. पण लाभ मान्य केला तरी वांटणी होती ती होतीच.

अध्यात्मापुरती ही वांटणी ज्ञानेश्वरांनीं १२९० मध्यें मोडली. शास्त्रापुरती ती मोडण्यास आणखी सहा शतकें लागलीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दिग्दर्शन’ मासिकांतून १८४० पासून नव्या विद्यांचा परिचय मराठींत करून दिला, हें खरें. परंतु तो मुख्यतः दुसरीकडे शोधलेल्या ज्ञानाचा परिचय होता. नवा शोध लावावा आणि तो प्रथम आपल्याच लोकांस त्यांच्या भाषेंत सांगावा, ही पायरी त्याच्या पुढची. ती चढणारांपैकीं दोघांचा संबंध धुळ्याशीं आहे.

पहिले शंकर बाळकृष्ण दीक्षित. कोंकणांतील मुरुडचे, पेशानें शिक्षक; नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें धुळ्यास होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्यें छापला गेला. वेदकालापासून आपल्या काळापर्यंतचा भारतीय ज्योतिषाचा साधार इतिहास त्यांनीं मराठींत लिहिला, आणि भास्कराचार्यांचा विचार त्यांत अर्थातच आला. दीक्षितांस इंग्रजी वाचकाचें वावडें होतें असें नाहीं. त्याच वर्षीं रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनीं हिंदी कालगणनेवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. तरी आपला मुख्य ग्रंथ त्यांनीं मराठीसाठीं ठेवला. पुढें भारत सरकारनें त्याचें इंग्रजी भाषांतर करवून छापलें. ज्याला गरज होती तो भाषांतराच्या वाटेनें ग्रंथापर्यंत आला. पाटणचा तेली ज्या विद्येस मुकला होता, तिचा इतिहास त्याच्या वंशजास अशा रीतीनें मराठींत मिळाला.

दुसरे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यांत पानिपतापर्यंतच्या धामधुमीच्या वर्षांतील पत्रें आहेत. असे बावीस खंड झाले. राजवाड्यांच्या कामाचें मर्म खंडांच्या संख्येंत नाहीं, तर त्यांच्या रीतींत आहे. जुन्या वाड्यांतून दप्तरें मिळवून त्यांवर एक सुंदर इतिहास लिहावा आणि दप्तर पेटींत कुलुपांत ठेवावें, असें त्यांस करतां आलें असतें; पुष्कळांनीं तसें केलेंहि आहे. राजवाड्यांनीं मूळ पत्रेंच छापलीं. प्रस्तावनांत आपले सिद्धांत मोठ्या आवेशानें मांडले, पण त्यांचा पुरावाहि वाचकाच्या हातीं ठेवला. त्यांचे कित्येक सिद्धांत, विशेषतः शब्दांच्या व्युत्पत्ति, पुढच्या अभ्यासकांस पटल्या नाहींत. तथापि त्यांस खोडून काढण्याचें साधन बऱ्याच अंशीं त्यांनींच पुरविलें होतें. संशोधन लोकांपुढें ठेवणें याचा खरा अर्थ हाच असें आम्ही समजतों. केवळ निष्कर्ष सांगणारा लोकांचा विश्वास मागतो. साधनें देणारा त्यांस न्यायाधीश करतो.

१९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारा हा पुरुष शेवटीं खानदेशांत आला, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारला. मागें घरदार नव्हतें. होते ते कागद. येथें चांगदेवाची गोष्ट पुन्हा घडली, फरक इतकाच कीं या वेळीं नातू नव्हता. भास्कर वामन भट आदि धुळेकरांनीं १९२७ मध्यें राजवाडे संशोधन मंडळ स्थापिलें, १९३२ पासून ‘संशोधक’ हें नियतकालिक काढलें, आणि राजवाड्यांच्या हस्तलिखितांतून मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्याकडून संपादून १९३७ मध्यें प्रसिद्ध केला. नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ मध्यें आला. गेल्या शतकाच्या अखेरीस मंडळानें राजवाड्यांचें समग्र साहित्यहि खंडशः छापलें. जिल्ह्याच्या गांवांतील सामान्य गृहस्थांनीं हें केलें, हें आम्हांस त्या कोशांइतकेंच मोलाचें वाटतें.

आतां आजच्या काळाकडे पाहूं. १९९० मध्यें जळगांवास विद्यापीठ झालें. २०१८ मध्यें त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव मिळालें. जिला अक्षरओळख नव्हती अशा शेतकरी बाईचें नांव विद्यापीठानें धारण करावें, हा खानदेशाचा मोठेपणा आहे. पण त्याबरोबर एक ऋणहि येतें. आज देशांतील बहुतेक शास्त्रीय संशोधन सरकारी पैशावर चालतें, इंग्रजींत लिहिलें जातें, आणि त्यांतील पुष्कळसें परदेशी प्रकाशकांच्या नियतकालिकांत जाऊन बसतें. तीं नियतकालिकें आपल्या सरकारी शिक्षणसंस्थांस वाचतां यावीं म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें तीन वर्षांसाठीं सुमारें सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. विद्यार्थ्यांची सोय झाली, हें चांगलेंच. परंतु रावेरचा केळीवाला, ज्याच्या बागेंत करपा पडतो, तो कोणत्याहि संस्थेच्या पटावर नाहीं. संशोधनाचा खर्च त्यानें एकदां दिला, वाचण्याचा खर्चहि त्यानेंच दिला, आणि तरी तो दाराबाहेर आहे. पाटणच्या घाण्याची पळी ती हीच.

चांगदेवापुढें ज्या अडचणी होत्या त्या आज नाहींत. राजवाड्यांस छापखाना व वर्गणीदार मिळविण्याची यातायात पडली. आज संगणकाच्या जाळ्यावर एक टांचण चढविण्यास जवळजवळ कांहींच लागत नाहीं. इंग्रजी सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. दीक्षितांनींहि ती सोडली नव्हती. इतकेंच म्हणतों, कीं प्रत्येक निबंधाबरोबर चार पानें मराठींत लिहावीं, त्यांत काय सांपडलें व काय सांपडलें नाहीं तें सरळ सांगावें, आणि पुरावा जो मागेल त्यास दाखवावा. हें उपकार म्हणून करावयाचें नाहीं. पाटणच्या दगडावर कोणी काय द्यावें तें मराठींत कोरलेलें आहे. त्याला काय मिळावें ही ओळ अद्याप कोरावयाची राहिली आहे.