गाळलेल्या द्रवातली पटकी

पटकीच्या विषाचे संशोधक शंभुनाथ डे यांच्या कारकिर्दीचा माग काढायला १९५९ मधल्या त्या शोधापासून मागे जाण्यापेक्षा १९४९ पासून पुढे यावे. त्या वर्षी लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांची पीएच.डी. झाली. त्याच वर्षी कॅमेरॉन आणि डे या दोघांच्या नावाने 'जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी'त एक निबंध आला. त्यात जंतूंचा संबंध नाही. विषय आहे फुफ्फुसात पाणी साचण्याचा.

हुगळी जिल्ह्यातले हे डॉक्टर कलकत्त्याला परतले आणि पटकीकडे वळले, तेव्हाही त्यांचा प्रश्न तोच राहिला असे मला वाटते : अंगातले पाणी बाहेर पडते कसे? जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये पटकीच्या जंतूच्या विषाचा तर्क केला होता. पुढच्या संशोधकांनी जंतू टोचले ते बहुधा प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत. प्राणी मरत, पण त्यांना जुलाब होत नसत.

डे आणि चटर्जी यांचा १९५३चा निबंध पुन्हा त्याच नियतकालिकात आहे. कृती साधी. मोठ्या सशाचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा तुकडा जागच्या जागी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्या बंद पिशवीत जंतूंचे संवर्धन सोडायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी ती पिशवी द्रवाने टम्म फुगलेली असे. असाच प्रयोग व्हिओल आणि क्रेंडिरोपुलो यांनी १९१५ साली केला होता आणि तो विस्मरणात गेला होता. (डे यांचे जन्मसालही १९१५च; योगायोग, त्याहून जास्त काही नाही.)

मात्र पिशवीत जिवंत जंतू होते. पाणी त्यांनी खेचले की त्यांच्या स्रावाने, हे १९५३ मध्ये ठरत नव्हते. ३० मे १९५९च्या 'नेचर'मधल्या डे यांच्या एकट्याच्या, दोन पानांत मावणाऱ्या टिपणाने ते ठरवले. संवर्धन गाळून जंतू काढून टाकले, नुसता द्रव आतड्यात सोडला, तरी पिशवी फुगली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतले दत्ता, पानसे आणि कुलकर्णी हे सशांच्या पिलांवर काम करत त्याच वर्षी स्वतंत्रपणे विषापाशीच पोचले होते. त्यामुळे 'एकांड्या शिलेदारा'ची कथा सांगताना त्यांचा निबंधही शेजारी ठेवावा लागतो.

डे यांच्या उपेक्षेची तक्रार मात्र कागदांवर टिकते. १९७३ मध्ये डे निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना बोलावले, तेव्हा साठच्या दशकापासून आपण मेल्यातच जमा होतो, समितीने आपल्याला उकरून काढले, अशा आशयाचे ते तिथे बोलले. नोबेलविजेते शास्त्रज्ञ जॉशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले. १९८५ मध्ये डे वारले. 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये, आणि आपल्या विज्ञान अकादमींनी त्यांना हयातीत सदस्यत्व दिले नाही, ही नोंद त्यातच आहे.