अभिवादन आणि संवाद : नाशिकच्या इतिहासातील काही नोंदी

दोन माणसे भेटली की प्रथम जे बोलतात, त्यात माहिती अशी काही नसते. मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याला केवळ संबंध जोडणारी भाषा म्हटले आणि याकोबसनने १९६० मध्ये संज्ञापनाच्या सहा कार्यांत त्याला स्वतंत्र स्थान दिले. मराठी भाषाविचारातही ही मांडणी आता रुळलेली आहे. तथापि अभिवादन हे अर्थशून्य असते, केवळ संपर्काचा मार्ग मोकळा करण्यापुरते असते, हे गृहीतक महाराष्ट्राच्या इतिहासात टिकत नाही. आपल्याकडे अभिवादन हाच अनेकदा संवादातील सर्वांत आशयघन भाग होता. पुढचे बोलणे कोणत्या पातळीवरून व्हावयाचे, किंबहुना ते व्हावयाचे की नाही, हे त्या एका शब्दाने ठरत असे.

याचा ठळक पुरावा १७७९ सालचा आहे. 'नमस्कार' हा शब्द सोनारांनी वापरावा की नाही, यावरून ब्राह्मण व सोनार यांच्यात वाद होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांच्या प्रमुखाला लेखी कळवून सोनारांना त्या शब्दाची मनाई केली. एका शब्दाच्या वापरावर राजसत्तेने निर्बंध घालावा, हे केवळ शिष्टाचाराच्या इतिहासातले प्रकरण नव्हे. अभिवादन ही प्रतिष्ठेची मालमत्ता आहे आणि तिच्यावर हक्क सांगता येतो, ही समजूत वादी, प्रतिवादी आणि परकीय सत्ता या तिघांनाही मान्य होती, असा त्याचा अन्वयार्थ आहे.

'जोहार' हे या व्यवस्थेचे दुसरे टोक. महाराने स्पृश्याला करावयाचा जोहार त्याच शब्दाने परत येत नसे. देवाणघेवाणीची अपेक्षाच नसलेले हे अभिवादन होते. त्यात बोलणारा स्वतःचे स्थान स्वतःच्या तोंडाने कबूल करीत असे. एकनाथांनी महाराच्या मुखी जोहाराची भारुडे घातली, तेव्हा या शब्दाची दिशा काही काळ बदलली. जोहार करणारा तेथे गावाला उपदेश करतो. परंतु भारुडाच्या रंगणात झालेली ही उलथापालथ गावाच्या वेशीवरच्या व्यवहारात उतरली नाही. साहित्यातील संवाद आणि समाजातील संवाद यांतले हे अंतर संतसाहित्याच्या समीक्षेने पुरेसे मोजलेले नाही.

नाशिकच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण हे रामाचे क्षेत्र. बहुजन समाजात रूढ असलेला 'रामराम' हा जोहाराच्या उलट परतफेडीचा शब्द. ऐकणाऱ्याने तोच उच्चारावयाचा. ज्या नावाने गावोगाव माणसे एकमेकांना भेटत, त्याच नावाच्या मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व आणि भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांचे संघटन यांवर उभ्या राहिलेल्या या लढ्यात हजारो स्त्री-पुरुष उतरले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. रामनवमीला दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात ती पाळली गेली नाही आणि दगडफेक झाली.

येथे संज्ञापनाच्या नेहमीच्या कोणत्याही अटीची उणीव नव्हती. भाषा एक होती, दैवत एक होते, कथा एक होती. रथ, कुंड, प्रदक्षिणा यांचे अर्थ उभय पक्षांना सारखेच ज्ञात होते. समान संकेतव्यवस्था असली म्हणजे संवाद घडतो, या सिद्धान्ताला नाशिकने दिलेले हे उत्तर आहे. सत्याग्रहींचे म्हणणे सनातन्यांना समजले नाही असे नव्हे. ते नेमके समजले म्हणूनच दार लागले. संस्कृती संवादाला केवळ शब्द पुरवीत नाही, तर कोणाचे बोलणे उत्तरास पात्र आहे हेही ठरविते.

या अनुभवानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. ते रुजले याच सुमारास. १९५६ च्या धर्मांतरातील प्रतिज्ञांनी रामाची उपासना नाकारली, तेव्हा 'रामराम'ची जागाही या शब्दाने घेतली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी त्याला गाण्याचा आवाज दिला. जय भीमला जय भीमच परत येतो, ही त्यातली समता जोहाराच्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

मात्र इतिहास येथे थांबत नाही. सत्याग्रहाच्याच वर्षी नाशिकजवळ विहितगावला जन्मलेल्या बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदकाला परमुलखात आपली ओळख लपवावी लागते. जय भीम म्हणावे तर ओळख उघड होते, न म्हणावे तर आपलाच शब्द गिळावा लागतो. अशा वेळी तटस्थ, सर्वांचा म्हणून मानला जाणारा 'नमस्कार' आधाराला येतो. हा शब्द कधीकाळी हुकमाने काहींना नाकारलेला होता, याचे स्मरण त्याच्या आजच्या तटस्थतेत उरलेले नाही.

कथा-कादंबऱ्यांतील संवादांची चिकित्सा करताना आपण पात्रांच्या बोलीकडे, शैलीकडे पाहतो. पात्रे भेटताना प्रथम काय म्हणतात आणि त्यांना काय परत मिळते, हे मात्र सहसा ओलांडून जातो. संवाद झाला की नाही, याचा निर्णय पुष्कळदा तेथेच झालेला असतो.