संगणकाच्या खोलीपासून एचएसआरच्या बंगल्यापर्यंत

1981 साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले सात जण, सुधा मूर्तींच्या साठवणीतले दहा हजार रुपये आणि अमेरिकेतल्या एका ग्राहकाचं काम, एवढंच भांडवल. टेलिफोनसाठी वर्षभर थांबायचं आणि परदेशी यंत्र आणायचं तर परवान्यासाठी दिल्लीला खेटे घालायचे, असा तो काळ. 1983 मध्ये बेंगळुरूची मायको ही कंपनी ग्राहक म्हणून मिळाली आणि इन्फोसिसने पुण्यातून मुक्काम हलवला. डेटा जनरलचा ‘एमव्ही 8000’ हा तिचा पहिला संगणक.

त्या पिढीतल्या यंत्रांचा थाट देवघरासारखा होता. स्वतंत्र खोली, सतत चालू असलेला एसी, धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर. संगणक एक, काम करणारे अनेक. त्यामुळे यंत्राजवळ बसायची वेळ वाटून घ्यावी लागे. माणसानेच यंत्राकडे जायचं, हा तेव्हाचा नियम.

या नियमानेच बेंगळुरूच्या दक्षिण टोकाचा नकाशा ठरवला. आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने 1970च्या दशकाच्या अखेरीस होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी आकाराला आली. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी शहरात आली आणि उपग्रहाच्या जोडणीवरून इथलं काम थेट परदेशात पोहोचू लागलं. शहर आणि इलेक्ट्रॉनिक सिटी यांच्या मधल्या पट्ट्यात, अगरा तलावाच्या बाजूला, विकास प्राधिकरणाने निवासी वसाहत आखली. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ती एचएसआर लेआउट झाली. सात सेक्टर, सरळ मेन आणि क्रॉस रस्ते. घरं राहण्यासाठी होती, ऑफिसं दुसरीकडे.

पुढे घर आणि ऑफिस यांच्यातलं अंतर रोजच्या रोज मोजलं जाऊ लागलं ते सिल्क बोर्डच्या चौकात. रेशीम मंडळाच्या कार्यालयावरून ओळखला जाणारा हा चौक वाहतूक कोंडीसाठी देशभर माहीत झाला. पुण्या-कोल्हापुरातून नोकरीसाठी आलेल्या कित्येक मराठी तरुणांची बेंगळुरूशी पहिली नीट ओळख याच सिग्नलवर, कंपनीच्या बसमध्ये बसून झाली. 2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग खुला झाला. चौकातली गर्दी मात्र हटली नाही.

तोवर लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत आला होता. ब्रॉडबँड घरात पोहोचलं आणि सर्व्हर महिन्याच्या भाड्याने मिळू लागला. यंत्राच्या खोलीची गरजच संपली. मग एचएसआरमधल्या दुमजली-तिमजली घरांत कंपन्या थाटल्या गेल्या. खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये लांब टेबल, त्याखाली एक्स्टेंशन बोर्डांच्या वायरी, भिंतीवर पांढरा फळा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉफीचं यंत्र. दाराशी चपलांचा ढीग इथेही दिसतो, पण तो यंत्राच्या धाकाने नव्हे. मुळात ते घर आहे म्हणून.

2020च्या टाळेबंदीत हीच ऑफिसं रातोरात जेवणाच्या टेबलावर आली. गावी परतलेल्यांनी तिथूनच बेंगळुरूची कामं उरकली. तरीही टाळेबंदी उठल्यावर तरुण पुन्हा याच वसाहतीत भाड्याची खोली शोधू लागले. नव्या धंद्याला पहिला सहकारी, पहिला गुंतवणूकदार आणि चूक दाखवणारा जाणता माणूस चालत जाण्याच्या अंतरावर लागतो. संगणकाने काम कुठूनही करता येतं, हे खरं. काम शिकायला माणसांचा शेजार अजूनही लागतो.

या शेजाराची किंमत मूळ रहिवासी मोजत आहेत. सत्ताविसाव्या मेनवर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, आतल्या गल्ल्यांत पार्किंगवरून वाद होतात आणि 2024च्या उन्हाळ्यात पाणीटंचाईने शहराला हैराण केलं. राहण्यासाठी आखलेल्या वसाहतीवर ऑफिसांचा भार टाकताना पाणी आणि रस्ते यांचा हिशोब आधी व्हायला हवा होता. तो झाला नाही. सिल्क बोर्डहून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारी मेट्रो सुरू व्हायलाही 2025चा ऑगस्ट उजाडला.