काटकसरीचे व्याकरण : सिंबियन, अँड्रॉइड आणि ‘वेगवान’ फोनची बदलती व्याख्या

#थ्रेड

१/
मोबाइलच्या इतिहासातील एक लोककथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. नोकिया गाफील राहिली, आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आले आणि जुने राज्य कोसळले. लोककथेला एक गाफील राजा लागतोच. परंतु ज्या सिंबियन प्रणालीवर ते राज्य उभे होते तिची अंतर्रचना पाहिली, की ‘गाफील’ हा शब्द खटकू लागतो. ती प्रणाली अतिसावध माणसांनी घडवली होती.

२/
फोन ‘वेगवान’ आहे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर १९९७ ते २०१६ या काळात अनेकदा बदलले. प्रत्येक पिढीने आपल्या काळी जे दुर्मीळ होते ते जपले आणि जे मुबलक होते ते उधळले. या धाग्यात त्या बदलाचा मागोवा घेऊ.

३/
आरंभ लंडनमध्ये होतो. डेव्हिड पॉटर यांनी १९८० साली स्थापन केलेली सायन ही कंपनी खिशात मावणारे संगणक बनवीत असे (मुंबईच्या शीवशी तिचा काही संबंध नाही). १९९७ मध्ये तिने ‘सीरीज ५’ हे यंत्र बाजारात आणले. १८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ४ किंवा ८ एमबी मेमरी आणि विजेसाठी दोन साधे पेन्सिल सेल. एवढ्या शिधासामग्रीवर लेखन, हिशेब, दैनंदिनी असा सगळा संसार चालवायचा होता. तो चालवणाऱ्या प्रणालीचे नाव ईपॉक-३२.

४/
जून १९९८ मध्ये सायन, नोकिया आणि एरिक्सन यांनी मिळून सिंबियन ही कंपनी काढली. मोटोरोलाही त्यात सामील झाली. ईपॉक हाच तिचा पाया होता.

५/
येथे थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या उत्कर्षाचे आणि ऱ्हासाचेही बीज या पायातच आहे.

टेबलावरचा संगणक आपण रोज बंद करतो. एखाद्या प्रोग्रॅमने थोडी मेमरी घेऊन परत केली नाही, तरी ती चूक त्याबरोबर पुसली जाते. फोन मात्र महिनोन्‌महिने चालू असतो. रोज काही बाइट गळत राहिले, तर एके दिवशी फोन थिजणार आणि नेमका त्याच वेळी महत्त्वाचा कॉल येणार. म्हणून सिंबियनच्या कर्त्यांनी मेमरी संपणे ही अपवादात्मक दुर्घटना न मानता रोजची शक्यता मानली.

६/
ही सावधगिरी त्यांनी थेट प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीतच ओतली. जे फंक्शन अर्ध्यावर अपयशी ठरू शकते, त्याच्या नावाच्या शेवटी ‘एल’ हे अक्षर लावायचे. जणू विभक्तीचा प्रत्ययच. घेतलेली प्रत्येक वस्तू ‘क्लीनअप स्टॅक’ नावाच्या यादीत नोंदवायची, म्हणजे काम मध्येच मोडले तरी ती परत करता येते. साधी अक्षरमाला साठवायची तरी ‘डिस्क्रिप्टर’चे अनेक प्रकार, प्रसंग पाहून योग्य तो निवडायचा. काटकसरीचे हे संपूर्ण व्याकरण होते आणि ते शिकताना नवख्या प्रोग्रॅमरची दमछाक होई.

पण यंत्राची मेमरी वाचत असे आणि तेव्हा दुर्मीळ तीच होती. माणसाच्या श्रमापेक्षा बाइट महाग, हा त्या काळाचा हिशेब होता व तो चुकीचा नव्हता.

७/
त्याचे फळही मिळाले. गार्टनर या संस्थेच्या मोजणीनुसार २००७ साली जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी ६० टक्क्यांहून अधिक फोन सिंबियनवर चालत होते.

८/
त्याच वर्षी आलेला नोकिया एन९५ हे या परंपरेचे शिखर म्हणता येईल. ५ मेगापिक्सेल कॅमेरा, जीपीएस, वायफाय, थ्रीजी आणि मेमरी अवघी ६४ एमबी. सुरुवातीच्या एन९५ मध्ये अडचण अशी होती, की प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी तो आधी मेमरीत उतरवून घ्यावा लागे. दोन-तीन ॲप उघडली की जागा संपली.

काही महिन्यांनी सॉफ्टवेअर अपडेटमधून ‘डिमांड पेजिंग’ आले. आता प्रोग्रॅमचे जे पान प्रत्यक्ष वाचायचे तेवढेच मेमरीत येई. हाती तोच फोन, तेच सुटे भाग. तरी मोकळी मेमरी वाढली आणि ॲपही लवकर उघडू लागली. गंमत अशी, की पेजिंगची ही कल्पना मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच वापरली गेली होती. खोली भरणाऱ्या यंत्रातील युक्ती खिशात यायला ४५ वर्षे लागली.

९/
आणि आता तो प्रसिद्ध प्रतिस्पर्धी. ९ जानेवारी २००७ रोजी ॲपलने आयफोन जाहीर केला. कागदावर तो एन९५ पुढे फिका होता : कॅमेरा २ मेगापिक्सेल, थ्रीजी नाही, जीपीएस नाही, बाहेरची ॲप टाकण्याची सोय नाही, कॉपी-पेस्टसुद्धा नाही. मेमरी मात्र १२८ एमबी, म्हणजे एन९५ च्या दुप्पट.

१०/
तरीही तो पाहणाऱ्याला अधिक वेगवान भासला. बोट सरकले की पडदा बोटाला चिकटल्यासारखा सरके. चित्रे सरकवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवलेले होते आणि बोट काचेवर असेतोवर इतर कामे मागे ढकलली जात. बाहेरच्या ॲपना दारे खुली झाली ती २००८ मध्ये. पार्श्वभूमीत चालण्याची मर्यादित मुभा त्यांना मिळाली ती २०१० मध्ये.

याला मी नकारातून साधलेला वेग म्हणेन. सिंबियन अनेक कामे एकाच वेळी प्रामाणिकपणे करी. आयफोन एकच काम करी, पण ते माणसाच्या डोळ्यासमोर करी. येथून वेगाची मोजणी यंत्रात न होता बघणाऱ्याच्या डोळ्यांत होऊ लागली.

११/
अँड्रॉइडने तिसराच मार्ग धरला. २००३ साली सुरू झालेली ही छोटी कंपनी २००५ मध्ये गूगलने घेतली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसीने बनवलेला पहिला फोन ‘जी१’ विक्रीस आला. त्याची मेमरी १९२ एमबी होती. खाली लिनक्स, वर जावा भाषेतील ॲप आणि मध्ये डॅन बॉर्नस्टीन यांनी रचलेले डाल्विक हे आभासी यंत्र. डाल्विक हे आइसलँडमधील एका गावाचे नाव.

१२/
सिंबियनच्या माणसाला हा उधळेपणाच वाटला असता. प्रत्येक ॲपला स्वतंत्र आभासी यंत्र, आणि मेमरी परत करण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर नाहीच. ‘गार्बेज कलेक्टर’ नावाचा सफाई कामगार मागून येऊन केर काढणार. पण मेमरी आता स्वस्त होत होती आणि ॲप लिहिणारी माणसे दुर्मीळ होती. जावा येणारा कोणीही थोड्या तयारीने अँड्रॉइडकडे वळू शकत होता. सिंबियनमध्ये मात्र व्याकरण कठीण, त्यातच एस६०, यूआयक्यू आणि जपानमधील मोॲप अशा तीन वेगळ्या दर्शनी रचना; एकीसाठी लिहिलेले ॲप दुसरीवर चालत नसे. सिंबियनचा पराभव मला सर्वाधिक येथे दिसतो. तिने जे जपले त्याची किंमत घसरली आणि जे खर्चले ते महाग झाले.

१३/
उधळेपणाचे बिल अँड्रॉइडलाही आलेच. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. सुरुवातीच्या डाल्विकमध्ये सफाई कामगार आला की सगळे काम थांबे, अनेकदा १०० मिलिसेकंदांहूनही अधिक. तेवढ्यात सहा चित्रे बुडाली! यादी सरकवताना बसणारे ते झटके ज्यांनी अनुभवले, त्यांना वेगळे सांगायला नको.

१४/
दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. २.२ मध्ये (२०१०) वारंवार लागणारा कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलणारा जेआयटी आला. २.३ मध्ये सफाई इतर कामांच्या बरोबरीने होऊ लागली आणि विराम सहसा ५ मिलिसेकंदांच्या आत आले. २०१२ च्या ४.१ आवृत्तीतील ‘प्रोजेक्ट बटर’ने सारे रेखाटन पडद्याच्या ठोक्याशी जुळवले आणि बोट टेकताच प्रोसेसरला जागे करण्याची व्यवस्था केली.

१५/
आता २०१३ पाहा. मला हे वर्ष फार अर्थपूर्ण वाटते. जानेवारीत नोकियाने स्पष्ट केले, की ८०८ प्युअरव्ह्यू हा आपला अखेरचा सिंबियन फोन. त्याची मेमरी होती ५१२ एमबी. आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अँड्रॉइड ४.४ आले, ‘प्रोजेक्ट स्वेल्ट’सह. उद्दिष्ट काय? अँड्रॉइड ५१२ एमबी मेमरीत नीट चालले पाहिजे. त्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या नेक्सस ४ ची मेमरी मुद्दाम ५१२ एमबीवर आणून तोच फोन रोज वापरला.

काटकसर करणारी प्रणाली गेली त्याच वर्षी उधळी प्रणाली काटकसर शिकू लागली.

१६/
याचे कारण ग्राहकाच्या भूगोलात होते. पुढचे कोट्यवधी फोन स्वस्त असणार होते आणि भारतासारख्या देशांत विकले जाणार होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड वन’ योजनेचा आरंभ भारतातच झाला : मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, १ जीबी मेमरी, किंमत ६,३९९ रुपयांपासून. त्या वर्षाअखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० च्या भाषासूचीत मराठीही दाखल झाली.

१७/
५.० मध्येच डाल्विक निवृत्त झाले आणि ‘एआरटी’ आले. ॲप बसवतानाच त्याचे पूर्ण भाषांतर यंत्रभाषेत करून ठेवायचे, म्हणजे चालवताना वेळ जात नाही. कल्पना उत्तम, पण ॲप बसायला वेळ लागू लागला, साठवणुकीची जागाही अधिक जाऊ लागली. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ‘ऑप्टिमायझिंग ॲप’ असे मोजत बसणारा तो कंटाळवाणा पडदा आठवतो? तो याच भाषांतराचा.

२०१६ च्या ७.० आवृत्तीत गूगलने पाऊल मागे घेतले. आता आधी ॲप तसेच चालू द्यायचे, कोणता भाग वारंवार लागतो याची नोंद ठेवायची आणि फोन चार्जिंगला लावून निवांत पडलेला असताना तेवढ्याच भागाचे भाषांतर करायचे. जे पान लागेल तेवढेच उघडायचे, हा एन९५ च्या पेजिंगचाच भाऊबंद.

१८/
सिंबियनचा संपूर्ण स्रोत फेब्रुवारी २०१० मध्ये मुक्त करण्यात आला होता. तो सांभाळणाऱ्या सिंबियन फाउंडेशनची संकेतस्थळे त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंद झाली. सुदैवाने काहींनी वेळीच प्रती काढल्या होत्या आणि त्या आजही जालावर सापडतात. ज्यांना सी++ येते, त्यांनी त्या उघडून पाहाव्यात. ‘एल’ प्रत्यय लावलेली फंक्शन पानोपानी भेटतील.