झिंक ऑक्साइडची पातळ पटले आणि स्पंदित लेसर निक्षेपण : एक ऐतिहासिक आढावा

स्पंदित लेसर निक्षेपण या तंत्राचा इतिहास बहुधा अतिसंवाहकांच्या यशापाशी येऊन थांबतो. झिंक ऑक्साइडच्या पटलांची कथा त्यानंतरची आहे आणि ती तितकी सरळ नाही. प्रस्तुत लेखात तिचाच मागोवा घेतला आहे.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणिक-लेसर कार्यान्वित केला. पाचच वर्षांत स्मिथ व टर्नर यांनी त्याच्या साहाय्याने निर्वात कक्षात पातळ पटले तयार करून दाखविली. आजच्या स्वरूपात या पद्धतीत काही नॅनोसेकंदांचा लेसर-स्पंद घन लक्ष्यावर केंद्रित करतात. पृष्ठभागाचा अल्पसा अंश बाष्प व प्लाझ्मा होऊन झेपावतो आणि समोरच्या तापविलेल्या आधारकावर साचतो. मात्र सुमारे दोन दशके या तंत्राकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत डायकँप, वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडचे अतिसंवाहक पटल या रीतीने बनविले आणि चित्र पालटले. लक्ष्यातील अनेक धातूंचे परस्परप्रमाण पटलातही टिकते, हा त्या यशाचा गाभा होता. (त्याच वर्षी पुणे विद्यापीठातील संशोधकांनी पाण्याखालील लोखंडावर लेसर-स्पंद सोडून त्याचे ऑक्सिडीकरण घडविल्याचे प्रसिद्ध केले होते. हा प्रवाह वेगळा असला तरी त्याची नोंद येथे असावी.)

झिंक ऑक्साइडमध्ये धातू एकच. त्यामुळे प्रमाण टिकविण्याच्या गुणाची त्याला तेवढी गरज नाही. मग हेच तंत्र का? ऑक्सिजनचा दाब विस्तृत मर्यादेत बदलता येतो आणि येणारे कण ऊर्जावान असल्याने तुलनेने कमी तापमानातही सुस्फटिक थर मिळतो, हे त्याचे उत्तर होय. ओढ मात्र प्रकाशाची होती. या पदार्थातील एक्सायटॉनची बंधन-ऊर्जा सुमारे ६० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे खोलीच्या तापमानातील औष्णिक ऊर्जेच्या दुपटीहून अधिक आहे. गॅलियम नायट्राइडमध्ये ती जेमतेम २५ च्या आसपास. १९९७-९८ मध्ये अशा पटलांतून खोलीच्या तापमानाला जंबुपार लेसर-उत्सर्जन मिळाल्याचे वृत्त आले आणि अपेक्षा उंचावल्या.

अडचण एकच होती, पण मूलगामी. झिंक ऑक्साइड स्वभावतः एन-प्रकारचे असते. पी-प्रकारचे केल्याशिवाय डायोड होत नाही. १९९९ मध्ये ओसाका येथील जोसेफ, ताबाता व कावाई यांनी गॅलियम व नायट्रोजन एकत्र मिसळून, याच निक्षेपण-पद्धतीने, पी-प्रकारचे पटल मिळविल्याचे सांगितले. त्यानंतर अशा दाव्यांची रीघ लागली. परंतु विषम, कमी चलनशीलतेच्या नमुन्यात हॉल-मापनाचे चिन्ह फसवू शकते आणि काही पटले कालांतराने पुन्हा एन-प्रकारची होतात. यशस्वी प्रयोग छापले जातात. तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत न साधल्याची नोंद क्वचित छापली जाते. प्रसिद्ध निबंधांवरूनच इतिहास रचणाऱ्याने हे एकांगीपण ध्यानी ठेवले पाहिजे.

या गर्दीत जपानच्या तोहोकू विद्यापीठातील त्सुकाझाकी, कावासाकी आदींचे काम उठून दिसते. प्रचलित नीलमाशी झिंक ऑक्साइडच्या जालकाची सुमारे १८ टक्के विसंगती होती; त्यांनी जवळजवळ तंतोतंत जुळणारा स्कँडियम-ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम ऑक्साइडचा आधारक घेतला. नायट्रोजन कमी तापमानात सामावतो आणि स्फटिक उच्च तापमानात सुधारतो, म्हणून त्यांनी तापमान आलटून पालटून बदलले. २००५ मध्ये त्यांचा डायोड प्रकाशला. तो प्रकाश क्षीणच होता आणि दिव्यांची बाजारपेठ गॅलियम नायट्राइडकडेच राहिली.

शुद्धतेसाठी केलेली ही मेहनत फळली ती भलत्याच ठिकाणी. त्याच गटाने २००७ मध्ये झिंक ऑक्साइड व मॅग्नेशियम-मिश्रित झिंक ऑक्साइडच्या सीमेवर पुंज हॉल परिणाम दाखविला. तेही थर लेसरनेच वाढविलेले होते. पुढची पायरी, अपूर्णांकी परिणाम, २०१० मध्ये गाठली गेली. तोपर्यंत मात्र त्यांनी लेसर बाजूला ठेवून रेण्वीय शलाका पद्धत स्वीकारली होती, कारण भाजून घडविलेल्या लक्ष्यातील अशुद्धी स्पंदाबरोबर पटलातही उतरत होत्या.